नाव कोणी ठेवलं?

१९३९ साली वाशीमला एक ताम्रपट उजेडात आला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याने चौथ्या शतकात, आपल्या राजवटीच्या ३७व्या वर्षी, नांदेडच्या बाजूचं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिलं, त्याची ती सनद. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. या पत्र्यांमुळे वाकाटकांची एक विस्मरणात गेलेली शाखा इतिहासकारांना परत मिळाली. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे लेख १९६३ साली एका खंडात संपादून छापले, त्यातही या ताम्रपटाला मानाचं स्थान आहे. मी मात्र त्याकडे पुन्हा पुन्हा वळतो तो त्यातल्या माणसांच्या नावांसाठी.

या ताम्रपटात दोन भाषा आहेत. राजाच्या पूर्वजांची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. वंशावळीत प्रवरसेन, सर्वसेन अशी घडीव नावं येतात. दान घेणाऱ्यांच्या यादीत येतात रुद्दज्ज आणि वेण्हुज्ज. म्हणजे रुद्र-आर्य आणि विष्णु-आर्य. ही माणसं वेद शिकलेली होती, त्यांच्या तोंडी 'विष्णू' शुद्धच असणार. पण जमिनीचा व्यवहार लोकांच्या बोलीत लिहिला गेला आणि नावंही त्या बोलीत उतरली. संस्कृतातला 'ष्ण' प्राकृतात 'ण्ह' होतो. त्याच वाटेनं कृष्णाचा कण्ह झाला आणि पुढे मराठीत कान्हा, कान्होबा, कान्होपात्रा. वेण्हू मागे पडला, कान्हा टिकला. शेवटचं 'अज्ज' तर आपल्या घरात रोज आहे. 'आजा' तिथूनच आला.

सोळाशे वर्षांपूर्वीही एकाच पत्र्यावर नावांच्या दोन तऱ्हा होत्या. एक वंशावळीत मिरवायची, दुसरी व्यवहाराची. नावाचा अर्थ विचारताना आपण बहुधा शब्दाचा अर्थ विचारतो आणि पुस्तक उघडतो. मला वाटतं, आधी विचारायचं ते हे: नाव ठेवलं कोणी, कशाच्या भीतीनं किंवा आशेनं, आणि ते लिहून घेतलं कोणी? इतिहासाचार्य राजवाड्यांचा 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' त्यांच्या मृत्यूनंतर, १९४२ साली छापला गेला. खेड्यातलं ओबडधोबड नावसुद्धा अभ्यासाला योग्य आहे, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि हे ऋण मोठं आहे. पण जवळजवळ प्रत्येक नाव ओढून संस्कृतात नेऊन बसवण्याची त्यांची घाई मला पटत नाही. तसं केलं की मूळ शब्द कदाचित हाती लागतो, पण नाव ठेवणारी आजी हरवते.

वाशीमहून अकोल्याच्या रस्त्याला लागलं की मालेगाव येतं. मालेगाव जहागीर. नावाला जोडलेलं 'जहागीर' कागदोपत्री अजून आहे. शिरपूर, मेडशी, किन्हीराजा, जऊळका, डव्हा ही या तालुक्यातली गावं. इथल्या जुन्या माणसांची नावं मोठ्यानं वाचून पाहावीत. पुंजाजी, शालिग्राम, उकंडा, मारोती, नथ्थू, कवडू, फकीरा, साहेबराव, संपत, भिकाजी. बाया म्हणाल तर दुर्पताबाई, कवसल्या, रुखमा, अनसा, पर्यागबाई, पंचफुला, गयाबाई, शेवंता. यांतल्या निम्म्यांना आजच्या बाळनावांच्या पुस्तकांत जागा नाही.

या नावांचे थर एकेक करून उलगडावे लागतात. तेराव्या शतकात जायचं तर वऱ्हाडात महानुभावांचं साहित्य हाताशी आहे. म्हाइंभटांनी ऋद्धिपूरला 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते १२७८च्या सुमारास. त्यात साधी माणसं नावानिशी बोलतात आणि मराठीत सामान्य बाईचं नाव इतक्या आपुलकीनं प्रथमच लिहिलं जातं. बाइसा, महदाइसा, उमाइसा, आबाइसा, आऊसा. प्रत्येक नावाच्या शेवटी आदराची खूण आहे. चक्रधर स्वामी मूळचे गुजरातचे हरपाळदेव. नागदेवाला पंथानं भटोबास केलं. गोविंदप्रभूंना लोक गुंडम राऊळ म्हणत. म्हणजे या परंपरेत पाळण्यातल्या नावाइतकंच नंतर मिळालेलं नाव खरं मानलं गेलं. वारकऱ्यांकडेही बाईच्या नावाशेवटी आई येते: नामदेवांच्या घरात गोणाई, राजाई, लाडाई, आणि त्यांच्या अंगणातली जनी जनाई.

नंतर मिळालेल्या नावाची ही रीत वऱ्हाडानं कधी सोडली नाही. शेंडगावचा डेबूजी झिंगराजी जाणोरकर हातात मातीचं गाडगं घेऊन फिरला आणि गाडगेबाबा झाला. यावलीच्या माणिक बंडोजी इंगळेला वरखेडच्या आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटलं आणि तोच तुकडोजी झाला. फुटकं गाडगं आणि भाकरीचा तुकडा या दोन वस्तू या प्रांताच्या दोन मोठ्या माणसांची नावं झाल्या. त्यांना संस्कृत अर्थ शोधत बसण्याची गरज कोणाला वाटली नाही.

वाशीम जिल्ह्यातच कारंजा आहे. 'गुरुचरित्रा'त नृसिंह सरस्वतींच्या जन्माची कथा कारंज्याची. माधव आणि अंबा यांच्या या मुलाला तिथे दोन नावं मिळतात. जन्मनाव शालग्रामदेव आणि हाक मारायचं नाव नरहरी. संन्यासात तिसरं. आज जे शालिग्राम या भागात घरोघर सापडतात त्यांची परंपरा थेट तिथपर्यंत जाते असं मी म्हणणार नाही. शाळिग्राम पूजेतला आहेच. पण एका मुलाला दोन नावं ही रीत इथे किती जुनी आहे ते त्या कथेवरून समजतं.

जन्मनावाचं शास्त्र अवकहडा चक्रात आहे. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणून १०८ अक्षरं. अश्विनीला चू चे चो ला. ज्याचा जन्म आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर, त्याच्या वाट्याला 'ङ' येतं. हस्ताच्या तिसऱ्याला 'ण'. या अक्षरांनी मराठीत नाव सुरू होत नाही, म्हणून जोशीबुवा शेजारचं अक्षर देऊन वाट काढतात. उत्तराभाद्रपदेला 'झ' येतो. झ वरून नाव शोधायची वेळ आली की शहरातले आईबाप आज अडतात. जुन्या वऱ्हाडाला झिंगराजी, झिंगूबाई ही नावं सहज सुचत होती.

कारंज्यालाच दिगंबर जैनांची भट्टारकपीठं होती. तिथे नावावरून परंपरा ओळखू येई. सेनगणाचे भट्टारक सोमसेन, जिनसेन. बलात्कारगणाचे धर्मचंद्र, धर्मभूषण, देवेंद्रकीर्ती. दीक्षा झाली की जुनं नाव संपलं आणि परंपरेचं शेपूट जोडलेलं नवं सुरू झालं. वाकाटकांचे 'सेन' आणि या भट्टारकांचे 'सेन' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी एकाच परिसरात हजार वर्षांच्या अंतरानं ही अक्षरं पुन्हा उमटलेली पाहून मन थबकतं. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर आहे. पार्श्वाचा प्राकृतात पास होतो. जैन घरांतल्या आदिनाथ, नेमिनाथ, शांतिनाथ, पारस या नावांमागे चोवीस तीर्थंकरांची यादी उभी असते. डव्ह्याला नाथनंगे महाराजांचं संस्थान. रथसप्तमीच्या यात्रेला पुरीभाजीचा महाप्रसाद घ्यायला आसपासची सगळी गावं तिथे लोटतात, आणि नाथा, विश्वनाथ ही नावं या टापूत का रुजली हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग फारसीचा थर. बहामनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, निजाम. वाशीम मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात सरकार होतं. दरबारातला शब्द आधी पदवी होऊन आला आणि मग बारशात शिरला. साहेबराव, दौलतराव, गुलाबराव, हैबतराव, रुस्तुमराव, सर्जेराव. हैबत म्हणजे धाक, दरारा. शब्द अरबी, 'राव' आपला. शाहनाम्यातला रुस्तुम इराणातून निघाला आणि कुणब्याच्या घरात नांगर धरून उभा राहिला. फकीरा, पिराजी ही नावं नवसाची. मूल होत नाही म्हणून किंवा जगत नाही म्हणून पीराला बोललेलं. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून मुलांना शहाजी आणि शरीफजी ही नावं दिली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव एका पीरावरून आलेलं आहे, आणि नावांचा मागोवा घेणाऱ्यानं हे आदरानं सांगितलं पाहिजे.

वाशीमचं बालाजी मंदिर बांधलं भवानी काळू यांनी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. हे नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीतले मोठे अधिकारी. इथे भवानी हे पुरुषाचं नाव आहे. देवीचं नाव मुलाला ठेवण्यात तेव्हा कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. नावांची मुलगा आणि मुलगी अशी करकरीत वाटणी आपण अलीकडे केली.

आता उकंडा. या एका नावाशी थांबायलाच हवं.

वऱ्हाडीत उकंडा म्हणजे उकिरडा. शेणकेर टाकायची जागा. एकामागून एक लेकरं दगावली की पुढच्या बाळाला जन्मताच उकंड्यावर ठेवायचं. एखादी शेजारीण किंवा सुईण 'कोणाचं लेकरू पडलं इथं?' म्हणत त्याला उचलायची आणि आईनं ते मूठभर धान्याला किंवा एखाद्या नाण्याला तिच्याकडून परत घ्यायचं. आता ते आपलं राहिलं नाही, फेकलेलं आहे, सटवीनं आणि मृत्यूनं त्याकडे पाहू नये. कचरू, कचराबाई, केरबा, झाडूजी ही त्याच रीतीची नावं. कवडीला घेतलेला तो कवडू. दमडीला घेतलेला दमडू. घरोघर भीक मागून आणलेल्या धान्यावर जगवला तो भिकाजी. मुलाला मुलगी भासवायचं म्हणून नाक टोचलं, नथ घातली, तो नथ्थू. दगडू आणि धोंडू तर दुहेरी आहेत. दगड कोणाला हवा, हा एक अर्थ, आणि दगडासारखा टणक राहो, हा दुसरा. धोंडू कधी नुसता धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात जन्मलेलाही असतो. एकच नाव तीन घरांत तीन कारणांनी आलेलं असू शकतं. म्हणूनच अर्थ शब्दाला विचारून भागत नाही, घराला विचारावा लागतो.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड लिहिले, त्यांत या रीतीची नोंद आहे. तिला त्यांनी अंधश्रद्धेच्या खात्यात घातलं. ते खातं चुकीचं म्हणता येणार नाही, पण त्या काळचं बालमृत्यूचं प्रमाण शेजारी ठेवलं तर चित्र निराळं दिसतं. १९११च्या सुमारास हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास मुलं वर्षाची होण्याआधीच जात होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले होते. १९१८च्या साथीच्या तापानं मध्यप्रांत आणि वऱ्हाडाला फार मोठा तडाखा दिला. दवाखाना कोसच्या कोस लांब. अशा घरातल्या बाईच्या हाती वाचवण्याचं एकच साधन होतं, ते म्हणजे नाव. तिनं लेकराला मिळेल तितकं घाण नाव दिलं, कारण तिला ते सगळ्यात जास्त हवं होतं. उकंडा या नावाइतकं प्रेमानं भरलेलं दुसरं नाव मला मराठीत माहीत नाही. महाराष्ट्रातला बालमृत्यूदर २०२० साली हजारी १६ होता. उकंडा नाव बंद पडलं त्याचं मोठं श्रेय शिक्षणाबरोबर लसीला, धनुर्वाताच्या इंजेक्शनला आणि गावोगाव पायपीट करणाऱ्या नर्सबाईंना आहे.

नकुसा हे नाव या पंगतीत बसवू नये. लोक बसवतात, पण त्याची जात वेगळी. उकंडा हवा होता म्हणून नको म्हटलेला. नकुसा खरोखरच नको होती. तिच्या पाठीवर मुलगा यावा म्हणून तिच्या नावानं देवाला निरोप धाडलेला. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली. शाळेच्या हजेरीत रोज 'नको' म्हणून हाक ऐकणं म्हणजे काय, हे त्या मुलींनाच ठाऊक.

आणि तिसरी जात आणखी निराळी. घाण नाव लादलेलं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नियम आहे की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस वाटेल असं. आईनं मृत्यूला चकवण्यासाठी जे केलं तेच शास्त्रानं माणसाला खाली ठेवण्यासाठी सांगितलं. खेड्यात हा नियम पुस्तकातून कोणी वाचला नव्हता. तो प्रत्ययांतून चालत होता. नाव एकच, विठ्ठल. वाड्यात विठ्ठलपंत, पाटलाच्या घरी विठ्ठलराव, शेतकऱ्याकडे विठोबा किंवा विठूजी, आणि महारवाड्यात विठ्या. देव सगळीकडे तोच, शेपूट मात्र माणसाची पायरी सांगणारं. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावं 'नाक'नं संपतात. हा 'नाक' नागावरून की नायकावरून यावर वाद आहे. स्तंभावर मात्र ती नावं पूर्ण, मानानं कोरलेली आहेत. गावात त्या माणसांना पूर्ण नावानं कोणी हाक मारली असेल, असं वाटत नाही.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जे झालं त्याला मी मराठी नावांच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना मानतो. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली आणि एका पिढीत वऱ्हाडातल्या वस्त्यांमधून गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, अशोक, महेंद्र, सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा उभ्या राहिल्या. या नावांना पुढे 'या' लावणं कठीण होतं, आणि लावलं तरी ऐकून घेणारा आता उलट उत्तर देत होता. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय काढलं. औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिलं, त्यामागेही विचार होता. मिलिंद म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. ज्याला प्रश्न विचारता येतात त्याचं नाव विद्यार्थ्यांच्या डोक्यावर. तिकडे अलेक्झांडरचा फारसीतून सिकंदर झाला आणि मुसलमान घरांतून वऱ्हाडात पोचला. मालेगावच्या बाजारात एक मिलिंद आणि एक सिकंदर शेजारी बसून कांदे विकत असतील, तर दोन्ही नावं ग्रीसहून निघाली, एक पालीतून आणि एक फारसीतून.

बंजाऱ्यांच्या तांड्यांवर नावांची चाल वेगळी. पोहरादेवी वाशीम जिल्ह्यातच, सेवालाल महाराजांचं स्थान. होळीला तान्ह्या मुलाचा धुंड होतो, सगळा तांडा जमतो. फुलसिंग, चतुरसिंग, धानसिंग, मोतीराम ही जुनी नावं. गहुलीच्या फुलसिंग नाईकांच्या घरी १ जुलै १९१३ ला जन्मलेल्या मुलाचं नाव हाजूसिंग होतं. महाराष्ट्र त्याला वसंतराव नाईक म्हणून ओळखतो. १९६३ ते १९७५ इतका दीर्घ काळ ते मुख्यमंत्री होते. हाजूसिंगचा वसंतराव होण्यात त्या काळाचं एक मागणं होतं. तांड्याबाहेर पडायचं तर मराठी शाळेला आणि मराठी कचेरीला सोयीचं नाव हवं. आज त्यांच्या नावानं संस्था आहेत, योजना आहेत, आणि हाजूसिंग हे नाव तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी आणि चरित्रकारांनी जपून ठेवलं आहे. दोन्ही नावं एकत्र लिहिली जावीत असं मला मनापासून वाटतं.

बाईच्या नावाचा हिशोब तर लग्नात नव्यानं मांडला जाई. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि नवऱ्यानं ते वाचायचं. कल्याणच्या यमुनेची आनंदी झाली आणि पुढे ती डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. मनकर्णिका गोखलेची लक्ष्मीबाई टिळक. त्यांची नवी नावं इतिहासात टिकली, जुनी चरित्राच्या पहिल्या पानावर उरली. बाकी लाखो बायांच्या माहेरच्या नावाला ते पानही मिळालं नाही. वऱ्हाडातल्या जमिनीच्या जुन्या कागदांत तर बाई स्वतःच्या नावानं एकटी येतच नाही. 'सखू जौजे किसन'. जौजे म्हणजे बायको, अरबी शब्द. नवरा गेला की 'सखू बेवा किसन'. पुरुषाला 'वल्द', तेही अरबी. रामा वल्द उकंडा. कारकुनाच्या या तीन शब्दांनी चारपाच पिढ्या बांधल्या.

वाशीमलाच १९०७ साली गीता साने जन्मल्या. विज्ञान शिकल्या, १९३०च्या दशकात स्त्रीच्या बंडाच्या कादंबऱ्या लिहिल्या, लग्नानंतरही पुस्तकांवर गीता साने हेच नाव राहिलं. आज ते सहज वाटतं. जौजे आणि बेवा लिहिणाऱ्या कागदांच्या त्या प्रांतात ते सहज नव्हतं. महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असेल. आईचं नाव लावण्याची रीत या भूमीला नवी नाही. सातवाहनांचे राजे गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र म्हणवून घेत. पण तिथे आईचं गोत्र लागत होतं, तिचं स्वतःचं नाव लागत नव्हतं. म्हणून २०२४चा निर्णय मला त्या शिलालेखांहूनही मोठा वाटतो. शेवंता, पंचफुला, दुर्पता यांच्या पणत्या आता स्वतःच्या नावानं आपल्या लेकरांच्या दाखल्यावर येतील.

अलीकडच्या नावांबद्दल थोडक्यात. शेगावच्या गजानन महाराजांमुळे वऱ्हाडात प्रत्येक वाडीत दोनचार गजानन असतातच. गणपतीचं म्हणून नव्हे, शेगावचं म्हणून ते ठेवलेलं असतं. समाधान आणि संतोष या पट्ट्यात भरपूर. कवी रमेश तेंडुलकरांनी धाकट्या मुलाचं नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं, आणि पुढे त्या मुलावरून किती सचिन झाले याला गणती नाही. आता मोबाइलवर नावं शोधतात. दोन अक्षरी, आजवर गावात कोणाचं नसलेलं, अर्थ शुद्ध संस्कृत. आत्या बाळाच्या कानात कुर्र करते ते नाव तिनं स्वतः शोधलेलं नसतं. तिचा तो मान होता, तो फोननं घेतला, याचं मला वाईट वाटतं.

कागदांकडे यायचं तर वऱ्हाडात कोतवाल बुक पाहावं लागतं. इंग्रजी अमलात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर देई आणि ती रजिस्टरात चढे. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव बहुधा नसे, कारण खबर बारशाच्या आधीच गेलेली असे. नाव पहिल्यांदा लिहिलं जाई ते शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात, आणि ते लिहिणारे मास्तर. बऱ्याच मास्तरांनी दयेनं उकंड्याचा उत्तम केला, कचरूचा काशिनाथ केला, जन्मतारीख अंदाजानं १ जुलै टाकली. त्यांचा हेतू चांगलाच होता. पोराला वर्गात कोणी हसू नये.

जात पडताळणीला आज पुरावा लागतो तो जुन्या तारखांच्या आधीचा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. पणजोबाची नोंद शोधायला मुलं तहसील कचेरीत येतात, काही पानं मोडीत, काही देवनागरीत, कडा झिजलेल्या. राम, किसन, महादेव एकेका गावात दहा असतात आणि त्यांतला आपला कोणता हे सिद्ध करताना वर्ष जातं. उकंडा एखादाच असतो. 'उकंडा वल्द पुंजा यास मुलगा' ही ओळ सापडली की बाकीचे कागद तिच्याशी जुळवता येतात. मग स्टँप पेपरवर लिहून द्यावं लागतं की उकंडा ऊर्फ उत्तमराव ही एकच व्यक्ती आहे. त्या प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्या पणतूला उकंडा हे नाव का ठेवलं गेलं, हे घरात कोणीतरी सांगायला हवं. ते ज्यांना ठाऊक आहे त्या म्हाताऱ्या बाया डव्ह्यात, मेडशीत, किन्हीराजात अजून ओसरीवर बसलेल्या आहेत.